गौरीच्या पानाची डावी बाजू

गौरीपूजनाच्या दिवशी आमच्या घरी चोवीस पाने होतात. त्या पानाची डावी बाजू, म्हणजे चटणी, कोशिंबीर, पंचामृत, लोणचे, भजी आणि पापड-कुरडया, इतकी वर्षे आई एकटीच सांभाळत आली. २०२५ मध्ये तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असल्याने ओट्याशी उभे राहणे तिला शक्य नव्हते. त्यामुळे पुरणपोळ्या वहिनींकडे, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, अळू आणि कटाची आमटी काकूंकडे आणि डावी बाजू माझ्याकडे, अशी वाटणी गणपती बसण्याच्या दहा दिवस आधीच झाली.

डावीकडचे पदार्थ चमचा-दोन चमचेच वाढायचे असतात, म्हणून त्यांची तयारी सोपी असावी असे मला आधी वाटत होते. पण पुरणाच्या पोळीचा गोडवा आणि वरणभाताचा सौम्यपणा यांना जी धार लागते ती याच पदार्थांतून येते, आणि त्यांपैकी एकाचे जरी मीठ चुकले तरी ते लपवायला जागा नसते. त्यातून आमच्या घरचे दोन नियम आहेत. आदल्या दिवशी शिजवलेले काही नैवेद्याला चालत नाही, आणि नैवेद्य दाखवून होईपर्यंत स्वयंपाकातले काहीही चाखायचे नाही. आईला चाखण्याची गरजच पडत नाही, कारण तिच्या हाताला अंदाज आहे. माझ्या हाताला तो नव्हता. चाखता येणार नसेल तर सगळे आधीच मोजून ठेवले पाहिजे, हे तेव्हाच लक्षात आले आणि पुढची सगळी तयारी मी त्याच धोरणाने केली.

२४ ऑगस्टच्या रविवारी मी चतकोर प्रमाणात सगळे पदार्थ करून पाहिले. आईला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवले, तिच्यासमोर वजनकाटा ठेवला आणि तिला म्हटले, "एक किलो काकडी आहे असे समज आणि नेहमी घालतेस तेवढे मीठ या वाटीत घाल." तिने बरणीत हात घातला, तीन बोटे आणि अंगठा यांच्यात मीठ धरले, दोनदा वाटीत सोडले आणि तिसऱ्यांदा किंचित झटकले. काट्यावर सात ग्रॅम आले. वाटी रिकामी करून मी पुन्हा घालायला सांगितले, तेव्हा आठ आले. आकडा तिने पाहिलाही नव्हता. साखर, तीळ, कूट, गूळ असे एकेक जिन्नस तिच्या हातून वाटीत आणि वाटीतून वहीत आले. चोवीस पानांना पंचामृतासाठी १०० ग्रॅम चिंच, २५० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम हिरव्या मिरच्या, तेवढेच दाण्याचे कूट, ५० ग्रॅम तीळ आणि अर्ध्या वाटीचे सुक्या खोबऱ्याचे काप, असा हिशेब त्या दिवशी पक्का झाला.

ज्यांना पंचामृत म्हटल्यावर केवळ दूध, दही, तूप, मध आणि साखरेचे तीर्थ आठवते त्यांच्यासाठी सांगतो, की पानात वाढायचे पंचामृत हा निराळा पदार्थ आहे. मोहरी, मेथीदाणे, हिंग आणि हळद यांच्या फोडणीत मिरच्यांचे तुकडे त्यांचा उग्र वास जाईपर्यंत परतायचे, त्यावर खोबऱ्याचे काप, तीळ आणि कूट घालायचे, मग चिंचेचा कोळ, गूळ, मीठ आणि थोडा गोडा मसाला घालून उकळू द्यायचे. चाचणीच्या दिवशी मी ते कढईत हवे तेवढे घट्ट होईपर्यंत आटवले, आणि तासाभराने ते पळीने खरवडावे लागले, कारण गूळ आणि कूट दोन्ही गार होताना आळतात. पळीवरून सरळ धार पडत असतानाच गॅस बंद करायचा, हे मी वहीत ठळक अक्षरात लिहून ठेवले.

खरेदी दोन टप्प्यांत केली. दाणे, तीळ, चिंच, गूळ आणि कुरडया आठवडाभर आधीच घरात होत्या. भाजीपाला मात्र शनिवारी सकाळी सात वाजता कोथरूडहून महात्मा फुले मंडईत जाऊन आणला, कारण गणपतीच्या दिवसांत दुपारनंतर पेठांमधले रस्ते देखाव्यांच्या गर्दीने भरून जातात. दोन किलो काकडी निवडताना बारीक, हिरव्या सालीच्या आणि बोटाने दाबल्यावर घट्ट लागणाऱ्याच घेतल्या. जाड, पिवळसर काकडीत बिया मोठ्या असतात आणि कोशिंबीर पाणचट होते. भज्यांसाठी घोसाळी कोवळी मिळाली. चटणीला दोन नारळ पुरतात, पण आईच्या सांगण्यावरून तीन घेतले.

रविवारी गौरींचे आवाहन झाले, शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य झाला, आणि रात्री मी शिजवण्याखेरीजची सगळी कामे उरकली. दाणे आणि तीळ भाजून कूट केले, खोबऱ्याचे काप केले, गूळ चिरला, मीठ आणि साखर पदार्थागणिक मोजून वेगवेगळ्या वाट्यांत काढली आणि प्रत्येक वाटीखाली चिठ्ठी ठेवली. इतक्या चिठ्ठ्या कशाला, असे काकूंनी विचारले खरे, पण दुसऱ्या दिवशी त्या चार शेगड्यांवर आम्ही तिघे काम करत असताना कोणालाही काही विचारावे लागले नाही.

सोमवारी, १ सप्टेंबरला, मी कार्यालयातून रजा घेतली होती. नैवेद्याची वेळ साडेबाराची धरून उलट्या क्रमाने कामे लावली होती. जो पदार्थ वेळ गेल्याने सुधारतो तो आधी, जो बिघडतो तो शेवटी. आंघोळ करून आठ वाजता चिंच कोमट पाण्यात भिजवली आणि नऊ वाजता पंचामृत केले. त्याला मुरायला तीन तास मिळाले. दहाला काकड्या घेतल्या. न चाखण्याचा नियम असताना कडू काकडी कशी ओळखायची, हा प्रश्न मला आठवडाभर पडला होता. आईने तो सहज सोडवला. "चिरण्याआधी देठाकडचा तुकडा चाख. ती अजून नुसती काकडी आहे, कोशिंबीर झालेली नाही." चौदा काकड्यांपैकी एक कडू निघाली. ती मिसळली गेली असती तर बाकीच्या तेराही वाया गेल्या असत्या.

काकडी किसायची नाही, चोचवायची, हा आमच्या घरचा आग्रह आहे आणि मला तो पूर्णपणे पटतो. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने तिच्यावर जवळजवळ उभे घाव घालत जायचे, आणि मग वरून पातळ काप काढला की तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे ताटात पडतात. किसलेली काकडी लगदा होते. चोचवलेली दाताखाली कुरकुरते. दोन किलोंना मला पाऊण तास लागला. हलक्या हाताने पिळून निघालेले पाणी काकूंनी आमटीसाठी ठेवून घेतले.

अकरा वाजता नारळ फोडले. दुसऱ्या नारळाचे पाणी वासालाच आंबूस लागले आणि खोबरे खवट निघाले. तिसरा घरात नसता तर ऐन वेळी दुकान गाठावे लागले असते. कोथिंबीर, मिरची, आले, लिंबू, मीठ आणि साखर घालून साडेअकराला चटणी वाटली. भाद्रपदाच्या दमट हवेत ओल्या खोबऱ्याची चटणी त्याहून आधी करून ठेवण्यात अर्थ नाही. मग कढई मिळाली. आधी कुरडया आणि पापड तळून निवताच डब्यात घट्ट बंद केले, नाहीतर ते पाने वाढेपर्यंत मऊ पडतात. त्यानंतर त्याच तेलात घोसाळ्याची भजी तळली. क्रम उलटा केला असता तर भज्यांच्या पिठाचा जळका चुरा कुरडयांना चिकटला असता.

कोशिंबिरीच्या बाबतीत मला दोन वर्षांपूर्वीची गोष्ट विसरता आली नव्हती. तेव्हा नैवेद्याबरोबरच सगळ्या काकडीला मीठ लावले गेले, आरत्या पाऊण तास चालल्या, आणि पंगतीत कोशिंबिरीचे पाणी पानभर पसरून पोळीखाली गेले. म्हणून या वेळी नैवेद्यापुरती दोन चमचे कोशिंबीर छोट्या वाटीत वेगळी कालवली. उरलेल्या काकडीवर फक्त कूट आणि जिरे-मिरचीची तुपातली फोडणी घालून ठेवली. शेवटची आरती सुरू झाल्यावर मी आत आलो आणि मोजून ठेवलेले मीठ, साखर व लिंबाचा रस तेव्हा घातला. दुसऱ्या पंगतीसाठीही निम्मी काकडी तशीच कोरडी राखली होती.

पाने मांडताना आईने खुर्ची दाराशी आणून घेतली. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, लोणचे, कोशिंबीर, पंचामृत, असे एकेक वाढत मी खाली आलो आणि ती प्रत्येक वेळी मान हलवत गेली. एका पानावर पंचामृत अंमळ जास्त पडले, तेव्हा मात्र तिने हात वर करून थांबवले.

दोन्ही पंगती उठल्यावर ती जेवायला बसली. पोळीला हात लावण्याआधी तिने बोटाने पंचामृत जिभेवर ठेवले, थोडा वेळ काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, "मिठाला बरोबर झालंय. तीळ थोडे वाढव." मी वही आणली आणि पन्नासचा आकडा खोडून तिथे सत्तर लिहिले.