आमची वाटचाल: अंतर गरुडानं ठरवायचं

मोकळ्या रानातले गरुड कॅमेऱ्यात टिपायचे असतील त्यांना आम्ही बरोबर नेतो आणि शिकवतो, हे आमचं आजचं काम. सुरुवात मात्र फोटो विकण्यापासून झाली. कॅलेंडरं, मासिकं, भिंतीवर लावायच्या मोठ्या प्रती. त्यात खर्च कसाबसा निघायचा. पण फोटो पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारायचा: इतक्या जवळ गेलात कसे? आम्ही गेलोच नव्हतो, तो आला होता. हे तोंडानं सांगून पटत नाही, म्हणून चार-पाच जणांचे छोटे गट न्यायला लागलो आणि धंद्यानं खरं वळण घेतलं.

आमच्याकडे पहिला धडा वाऱ्याचा असतो. मोठा पक्षी वाऱ्याला सामोरा होऊनच झेपावतो आणि उतरतोही तसाच. वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी असले, तर गरुड आपल्या दिशेनं उडतो आणि त्याच्या तोंडावर उजेड असतो. वारा समोरून असला तर दिवसभर शेपटीचेच फोटो मिळतात. त्यामुळे आधी जागा ठरते, मगच बॅगा उघडतात.

दुसरा धडा बघण्याचा. बसलेला गरुड उडण्याआधी सांगून उडतो. मान ताठ होते, पिसं अंगाशी आवळली जातात, अंग पुढे झुकतं आणि पुष्कळदा तो विष्ठा टाकतो. नवखी मंडळी नेमकी त्याच वेळी मागच्या पडद्यावर आधीचे फोटो बघत असतात! शटर स्पीड, म्हणजे फोटो टिपायचा वेग, 1/2000 सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, हे कुणीही सांगेल. ती झुकलेली मान ओळखायला मात्र तासन् तास एकाच पक्ष्याकडे बघावं लागतं, आणि आमच्या मते या छंदातलं खरं सुख तेच आहे.

उन्हं चढली की जमीन तापते, हवा वर उठते आणि तिच्या आधारानं गरुड पंख न हलवता घिरट्या घेत चढतात. उडता पक्षी हवा असेल तर हीच वेळ. पण त्याच तापलेल्या हवेमुळे लांब बसलेला पक्षी फोटोत थरथरल्यासारखा येतो. लोक लेन्सला दोष देतात; बिचाऱ्या लेन्सचा काही संबंध नसतो. म्हणून बसलेले पक्षी आम्ही सकाळच्या गारव्यातच उरकतो. डोळा पांढुरका दिसणारी एखादी फ्रेम आली की हमखास कुणीतरी फोकस गेला म्हणून हळहळतं. ती गरुडाची तिसरी पापणी असते, डोळ्यावरून आडवी सरकणारी. असे फोटो खोडू नका, असं आम्ही आवर्जून सांगतो.

आवाज न करणारे कॅमेरे आले आणि आमचं काम फार सोपं झालं. पूर्वी पहिल्या खटक्यालाच पक्षी मान वळवून बघायचा. आता लपणात, म्हणजे पक्ष्याला दिसू नये अशा आडोशात, बसलेले पाच जण एकदम फोटो काढतात आणि तो आपली पिसं साफ करत राहतो.

धंद्याचा सगळ्यात मोठा निर्णय आमिषाचा होता. मांस किंवा मासे टाकले की गरुड ठरल्या जागी, ठरल्या वेळी येतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. आम्ही ते कधीच केलं नाही. माणूस म्हणजे अन्न, हे एकदा पक्ष्याच्या डोक्यात बसलं की तो वस्तीच्या आणि रस्त्यांच्या जवळ येतो, आणि तिथं त्याला धोकाच जास्त. शिवाय आमिषावरचे सगळे फोटो एकसारखे दिसतात. त्यापेक्षा निसर्गानंच ताट मांडलेल्या जागा शोधाव्यात. अलास्कातल्या चिल्कट नदीच्या एका पट्ट्यात जमिनीतलं पाणी वर येत राहतं, म्हणून तो थंडी पडल्यावरही गोठत नाही. उशिरा येणारे सामन मासे तिथं मिळतात आणि पांढऱ्या डोक्याचे गरुड मोठ्या संख्येनं जमतात. 1982 पासून तो भाग गरुडांसाठी राखीव आहे.

घरट्यांचे फोटोही आम्ही घेत नाही. सोनेरी गरुडाला अंडी उबवायला साधारण दीड महिना लागतो. माणसाच्या चाहुलीनं मादी उठली तर अंडी गार पडतात, कावळे टपलेले असतात, आणि वारंवार त्रास झाला तर जोडी घरटं सोडून देते. घरटं दाखवणार असाल तरच येऊ, असं म्हणणारा एक मोठा गट आम्ही परत पाठवला. विणीच्या महिन्यांत उत्पन्न घटतं; तेव्हा फोटो संपादनाचे वर्ग घेतो. फोटोबरोबर जागेचा पत्ता कधीच देत नाही, फाइलमधली स्थाननोंदही काढून टाकतो.

हा पक्षी किती सहज हातचा जाऊ शकतो, हे आम्ही प्रत्येक गटाला सांगतो. 1963 च्या सुमारास अमेरिकेत, अलास्का वगळता, पांढऱ्या डोक्याच्या गरुडांच्या विणीच्या जोड्या पाचशेच्याही खाली गेल्या होत्या. डीडीटी हे कीटकनाशक माशांमधून गरुडांच्या पोटात जायचं, अंड्यांची कवचं पातळ व्हायची आणि उबवतानाच फुटायची. 1972 मध्ये त्या देशात डीडीटीच्या वापरावर बंदी आली, पक्षी हळूहळू सावरला आणि 2007 मध्ये धोक्यात असलेल्या जातींच्या यादीतून त्याचं नाव निघालं.

अलीकडे आमच्या जुन्या फोटोंना नवीन मागणी आली आहे. पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचं डोकं पूर्ण पांढरं व्हायला पाचेक वर्षं लागतात. तोवर दरवर्षी पिसांचा रंग बदलतो आणि ओळखण्यात चांगले जाणकारही गोंधळतात. आमच्याकडे प्रत्येक फोटोवर तारीख आणि पिसांची अवस्था नोंदलेली असल्यानं ओळखपुस्तिका करणारे आणि अभ्यासक ते मागून घेतात. अभ्यासकांना आम्ही पैसे लावत नाही. सोनेरी गरुडाच्या कोवळ्या पक्ष्यांचे फोटो अजून कमी पडतात, त्यामुळे येत्या हंगामातले गट त्यांच्याच मागावर असतील.