झाकारियान बंधूंच्या मुलुखात: सानाहिन, हाघपात, अख्ताला

जॉर्जियाच्या राणी तामारचा सरसेनापती झाकारे आणि पुढे अताबेग (दरबारातला सर्वोच्च पदांपैकी एक मानकरी) झालेला त्याचा धाकटा भाऊ इवाने, दोघेही आर्मेनियन. 1199 मध्ये आनी आणि 1203 मध्ये द्विन, या आर्मेनियाच्या जुन्या राजधान्या त्यांच्या ताब्यात आल्या. झाकारे आर्मेनियन चर्चमध्येच राहिला, इवानेने जॉर्जियन ऑर्थोडॉक्स पंथ घेतला. झाकारेचं दफन सानाहिनच्या मठात झालं, इवानेचं अख्तालाच्या. उत्तर आर्मेनियातल्या लोरी प्रांतात जाऊन फक्त हाघपातचा मठ पाहून परतणाऱ्यांचं म्हणूनच वाईट वाटतं.

येरेवानहून व्हानाझोरमार्गे अलावेर्दी साधारण 170 किलोमीटर. मार्शरुत्का (सामायिक मिनीबस) तिथवर येते, पण सानाहिन आणि हाघपात देबेद नदीच्या खोल दरीवरच्या पठारांवर आहेत. चढ उन्हातला आणि दमवणारा, त्यामुळे टॅक्सीच बरी. भाडं ठरवताना तीनही मठांची नावं आणि थांबण्याचा वेळ धरून आकडा लिहून घ्या. नाहीतर शेवटी थांबण्याच्या पैशांवरून वाद होतो.

अलावेर्दीतच 1192 चा एककमानी दगडी पूल आहे. झाकारे-इवानेची बहीण राणी वानेनी हिने तो पतीच्या स्मरणार्थ बांधला. कठड्यांवर कोरलेले प्राणी जवळून पाहा. मग सानाहिन. प्रार्थनामंडपांच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. पावसात त्या फार निसरड्या होतात, तेव्हा तळ घट्ट असलेले बूट घाला. झाकारियानांचं समाधिस्थळ मुख्य इमारतींपासून बाजूला आहे, ते विचारून घ्या. हाघपातला 1273 चा, क्रूसावरचा ख्रिस्त कोरलेला खाचकार (कोरीव क्रूसशिळा) चुकवू नका.

अख्ताला दुपारनंतर ठेवा. गाभारा पूर्वेला असल्याने सकाळी खिडकीतला उजेड थेट डोळ्यांवर येतो आणि चित्रं काळी दिसतात. इवानेच्या काळात, 1205 ते 1216 दरम्यान रंगवलेली ही भित्तिचित्रं भिंतभर आहेत. गाभाऱ्यात सिंहासनावरची मरियम (चेहरा उडालेला), पश्चिमेला अंतिम निवाडा. नावं ग्रीक आणि जॉर्जियन लिपींत. इवानेने पंथ बदलला होता, ते इथे स्पष्ट दिसतं. वरच्या रांगांसाठी दुर्बीण हवीच. फ्लॅश नको. दार बंद असलं तर आवारात किंवा गावात चावीची चौकशी करा.

तिबिलिसीहून सीमेवरच्या सादाख्लो नाक्यामार्गे येऊन परत जाणार असाल, तर जॉर्जियाचा व्हिसा दोनदा प्रवेशाचा आहे ना, हे आधी तपासा.

दोन्ही भावांना एकत्र पाहायचं तर आर्तिक गावाजवळचा हरिचावांक मठ गाठा. 1201 च्या चर्चच्या पूर्व भिंतीवर ते कोरलेले आहेत. तो दिवस ग्युम्रीला मुक्काम करून वेगळा काढा.