तुम्ही विचारलंत म्हणून : मी घरी तलवारी घडवतो, त्यांना धार का नाही?

घरी येणारा प्रत्येक माणूस आधी मूठ धरतो, वजन जोखतो, आणि मग तो अंगठा. ठरलेला. पात्यावरून आडवा फिरतो आणि चेहरा उतरतो. "काहून जी, धार नाही लावली?"

नागपूरकर भोसल्यांच्या रघुजीराजांची तलवार लंडनच्या लिलावातून आली, सरकारनं तिच्यासाठी सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार मोजले, तेव्हापासून तर विचारणारे वाढलेच. मी तशीच फिरंग करतोय हे नागपूरच्या साऱ्या महाल भागात झालंय. एकधारी सरळ पातं, मुल्हेरी नावाच्या मराठा घाटाची मूठ. फरक एवढाच, की त्यांचं पातं युरोपात घडलेलं आणि माझं ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पट्ट्यातून निघालेलं. पट्टा इतवारी बाजारातून आणतो, भट्टी गच्चीवर.

धारेचं विचारलं की मी कायदा सांगतो. १९५९ चा शस्त्र अधिनियम, २०१६ चे नियम. घरकामाची, शेतीची, शास्त्रीय कामाची आणि कारखान्यातली अवजारं सोडून नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार बनवायचं तर परवाना लागतो. लोक मान डोलावतात, विषय संपतो. कायदा खराच आहे. पण मी तो आडोशासारखा वापरतो, कारण एकदा मी धार लावली होती.

पहिलीच तलवार. बाबा कमानी मिस्त्री, जन्म ट्रकखाली गेला. पाणी कसं पाजायचं, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक कसं करायचं, ते त्यांनीच दाखवलं. पाणी म्हणायचं, पण या पट्ट्याला पाजायचं तेल. पाण्यात घातला तर टिण्ण वाजतो आणि चिरतो. पातं लालबुंद करायचं, लोहचुंबक चिकटेनासं झालं की अजून थोडं तापवायचं, मग तेल. नंतर घासून चकचकीत केलेल्या जागेवर निळा रंग चढेपर्यंत हळूहळू शेकायचं, नाहीतर काचेसारखं तुटतं. दोन पाती वाकडी झाली. तिसरं सरळ निघालं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, फक्त तंबाखू मळली. मग मला राहवलं नाही. चार रात्री दगडावर घासलं. कागद हवेत धरून कापला.

खंडेनवमीला आईनं पाटावर मांडली. बाबांचा हातोडा, पाने, विळी, कात्री आणि मधोमध ती. मी हार आणायला गेलो होतो. तिला तेलाचा ओघळ दिसला असावा. पदरानं पुसायला घेतली, विळी पुसावी तशी. पण विळी पायाखाली घट्ट असते. ही फिरली.

आलो तेव्हा पदर लाल होता आणि ती उजवा हात डाव्या हातात धरून पाटाकडं बघत होती. ओरडली नव्हती. म्हणाली, "बाबू, हळदकुंकू सांडलं वाटते." दवाखान्यात डॉक्टरांनी जखम पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. "कशानं कापलं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "विळीनं." इतकी सरळ, इतकी लांब जखम विळीची होत नाही हे त्यांना कळलं असणार. त्यांनी विळी लिहिलं. दोन स्नायुबंध तुटले होते. टाके पडले, नंतर व्यायाम झाले, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आजही पूर्ण मिटत नाही. पोळी लाटताना ती दोन बोटं लाटण्यावरून वर उभी असतात. पाहुण्यांना अजून विळीच सांगते.

मी गप्प बसलो. केस होईल म्हणून. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

त्याच रात्री कानस घेऊन धार बोथट केली. तेव्हापासून प्रत्येक पात्याची कड दीड-दोन मिलिमीटर जाड ठेवतो.

पटलं? मलाही पुरतं पटलेलं नाही. तेव्हाचा मी म्हणायचो, बिनधारीची तलवार म्हणजे गॅदरिंगची, चंदेरी रंग मारलेली. तो अजून भांडतो. म्हणतो, धार लावायचीच नाही तर पाणी कशाला पाजतोस? टोकाकडं पातं निमुळतं का करतोस, मुठीत लाख वितळवून तोल का साधत बसतोस? हा सगळा खटाटोप कापण्यासाठीच असतो ना? यावर मला उत्तर सुचत नाही. आईचा हात मी काही युक्तिवाद म्हणून पुढं करू शकत नाही. आणि खरं सांगायचं तर कागद कापला गेला तेव्हाचा तो आवाज मला अजून हवाहवासा वाटतो. लाज वाटते, तरी वाटतो.

बाबा गेले. परवा फिरंगेची मूठ बसवत होतो. आई चहा घेऊन गच्चीवर आली. कप डाव्या हातात. खाली बसून तिनं पातं उचललं आणि सरळ अंगठा फिरवला, तुम्ही फिरवता तसाच.

"बोथट शस्त्र पूजेला ठेवते का कोणी?" म्हणाली. "लाव ना बाबू. आता मी नाही पुसत."

मी चहा प्यायलो. पातं अजून तसंच आहे, कापडात गुंडाळून कपाटावर. नवमीला अजून वेळ आहे.