नव्या मॅनेजरचे नऊ दिवस

मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, हाकलला की पुढचे दोन-तीन सामने संघ जिंकणारच, अशी बऱ्याच फुटबॉलवेड्यांची पक्की समजूत असते. यात पहिली गोम अशी की मॅनेजरला काढतात तेच मुळी संघ अगदी खाली गेल्यावर. पेनल्टी हुकते, चेंडू खांबाला लागतो, मुख्य बचावपटू जखमी असतो. हे दिवस आपोआपही पालटतात. डच अर्थतज्ज्ञ बास तर वील यांनी नेदरलँड्सच्या लीगमधले मॅनेजर बदललेले संघ आणि तितकेच गाळात जाऊनही न बदललेले संघ यांची तुलना केली. दोघेही जवळपास सारखेच सावरले.

तरीही काही वेळा खरोखर फरक पडतो, आणि तो आधी दिसतो सामन्यासाठी निवडलेल्या खेळाडूंच्या यादीत.

जानेवारी 2021 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या चेल्सीनं फ्रँक लॅम्पार्डला काढलं तेव्हा संघ नवव्या स्थानावर होता. थॉमस टुखेल आला आणि जेमतेम एका सरावानंतर वुल्व्ह्सविरुद्ध 0-0 खेळला. निकाल नीरस, पण चेंडूचा ताबा जवळपास 79 टक्के. पुढच्याच सामन्यात बर्नलीला 2-0 हरवलं. गोल कुणाचे? कर्णधार आस्पिलिक्वेटा आणि मार्कोस अलोन्सो यांचे. अलोन्सो तर सप्टेंबरपासून लीगमध्ये खेळलाच नव्हता. बाकावर कुजत बसलेल्यांना कोरी पाटी मिळाली की सरावातली चुरस वाढते, आणि रोज खेळणाऱ्यांनाही जागा गृहीत धरता येत नाही. मनोधैर्य म्हणतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं. ड्रेसिंग रूममधली भाषणं त्यापुढे किरकोळ.

दुसरं म्हणजे टुखेलनं दुरुस्ती मागून सुरू केली. तीन सेंटरबॅक (मधले बचावपटू), दोन विंगबॅक (कडेनं वर-खाली धावणारे), मैदानाच्या मध्यात दोघे. बचावाची रचना आठवडाभरात बसवता येते, कारण तिथे मुख्य काम जागा धरण्याचं आणि एकमेकांतलं अंतर राखण्याचं. आक्रमणातला ताळमेळ जुळायला महिने जातात. म्हणूनच पहिल्या 14 सामन्यांत हार नाही आणि गोल खाल्ले फक्त दोन, पण स्वतःचे गोलही बेताचेच. शेवट मे महिन्यात पोर्तोमध्ये युरोपातली चॅम्पियन्स लीग जिंकून झाला.

आता तोच क्लब, 2023. एप्रिलमध्ये ग्रॅहम पॉटर गेला आणि लॅम्पार्ड परतला, पण फक्त हंगाम संपेपर्यंत. पहिले सहाही सामने हरला. एकूण 11 पैकी एकच जिंकला. हंगामी मॅनेजरची अडचण सरळ आहे: पुढच्या वर्षी कोण खेळणार हे तो ठरवत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर स्वतःला सिद्ध करण्याची निकड खेळाडूला वाटत नाही. त्यात भरमसाट खरेदीनं संघ फुगलेला. लीग सामन्याच्या यादीत जागा 20. 11 मैदानात, 9 बाकावर. उरलेल्यांनी फक्त सराव करायचा. अशा वेळी नव्याच्या नऊ दिवसांतला एक दिवसही वाट्याला येत नाही.

मात्र गोव्याचं उदाहरण या सगळ्याला छेद देतं. 31 जानेवारी 2020 ला इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवानं सर्जिओ लोबेराला काढलं, तेही संघ आघाडीवर असताना, साखळीचे तीन सामने बाकी असताना! क्लिफर्ड मिरांडांनी सूत्रं घेतली आणि घडी मोडली नाही. पासिंगचा तोच खेळ चालू ठेवला. हैदराबादला 4-1, मुंबई सिटीला 5-2, जमशेदपूरला 5-0. लीग शील्ड (साखळीत पहिलं येणाऱ्याचा मान) हाती आली आणि आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. घडी बसलेल्या संघाला नव्या माणसाकडून नवं काही नको असतं, निदान तीन सामन्यांपुरतं तरी.

साखळीनंतरच्या उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयिननं गोव्याला चेन्नईत 4-1 असं झोडपलं. फातोर्ड्यात 4-2 जिंकूनही गोवा एकूण 5-6 नं बाहेर.