सर, या वयात क्यूब कुठे शिकलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पालकसभेत माझ्या टेबलावरचा रुबिक क्यूब बघून दर वेळी कोणी तरी हे विचारतंच. 'यूट्यूबवर' म्हटलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. खरं म्हणजे नववीच्या मुलांकडून शिकलो, ऑफ तासाला.

सोडवायचं म्हणाल तर मी अजूनही रखडतोच. पोरं हसतात. त्यावर मी त्यांना सांगतो की ज्यानं 1974 मध्ये हा बनवला तो एर्नो रुबिकही बुडापेस्टमध्ये मास्तरच होता, आणि स्वतःचाच क्यूब पहिल्यांदा सोडवायला त्याला महिनाभर लागला होता.

पण मला जे मिळालं ते वेगळंच. एका मुलीनं सुटलेला क्यूब हातात दिला आणि म्हणाली, "सर, उजवी बाजू वर, मग वरची डावीकडे. एवढंच करत राहा. किती फेऱ्यांनी परत सुटलेला दिसेल?" मी म्हटलं, दहा-वीस. उत्तर आहे 105!

आपण लसावि कसा शिकवतो? तीन घंटा अमुक-अमुक मिनिटांनी वाजतात, एकत्र कधी वाजतील? असल्या घंटा कोणत्या गावात आहेत देव जाणे. इथे त्या घंटा हातात होत्या. या दोन बाजूंवरचे कडेचे 7 तुकडे 7 फेऱ्यांनी आपापल्या जागी येतात. कोपऱ्याचे 5 तुकडे 5 फेऱ्यांनी जागेवर येतात खरे, पण वळलेले. सरळ व्हायला 15 लागतात. उरला समोरचा उजवा वरचा कोपरा. तो दर फेरीअखेर तिथेच असतो, नुसता वळलेला, आणि तिसऱ्या फेरीला सरळ. 7, 15 आणि 3 यांचा लसावि 105.

क्रमनिरपेक्षतेचंही तेच. 'अ अधिक ब बरोबर ब अधिक अ' हे इतकी वर्षं फळ्यावर लिहितोय, आणि मुलं 'त्यात काय एवढं' अशा चेहऱ्यानं उतरवून घेतात. क्यूबवर आधी उजवी मग वरची, आणि आधी वरची मग उजवी, करून बघा. दोन वेगळी चित्रं. क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे हातानं कळल्यावर बेरजेत ते बदलत नाही याचं नवल वाटायला लागतं. मला तरी वाटलं.

(घरी कोणाचा क्यूब काही केल्या सुटत नसेल, शेवटी एकच कोपरा वळलेला राहत असेल, तर पोराला बोलू नका. तो कोपरा हिसक्यानं जागच्या जागी फिरलाय. तसा क्यूब नुसत्या बाजू फिरवून सुटूच शकत नाही. कोपरा हातानं परत वळवायचा.)

सध्या तिनं पुढचं कोडं घातलंय: उजवी तशीच वर, पण वरची उलटी, उजवीकडे. 63 फेऱ्या लागतात. त्यातला 7 कडांचा, हे कळलं. 9 कुठून आला ते कोपऱ्यांवर खुणा करून शोधतोय. तिला माहीत आहे, पण विचारलं की म्हणते, "सर, तुम्हीच म्हणता ना, आधी स्वतः प्रयत्न करा."