ट्रॅक्टरवर बीटल्स

ट्रॅक्टरचा डावा स्पीकर बसलेला असला की बीटल्स या इंग्रजी बँडच्या १९६३ च्या बहुतेक गाण्यांत नुसते गायक ऐकू येतात, गिटार गायब! दोष स्पीकरचा नाही भौ. रेकॉर्डिंग दोनच ट्रॅकवर (एकावर वाद्यं, एकावर आवाज) झालं, म्हणून स्टिरिओत वाद्यं डावीकडे अन् आवाज उजवीकडे. रेकॉर्ड करणाऱ्यांचं लक्ष होतं मोनोवर, म्हणजे सगळं एकाच स्पीकरातून.

कापूस वेचणीच्या धामधुमीत आज लाईट टिकली, तर दोन्ही बाजू जवळ आणणारं मिक्स घरीच केलं. ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) फ्लॅक फाइल उघडा, त्यात आवाज जसाच्या तसा राहतो; एमपीथ्री नको. ट्रॅकच्या मेनूतून ‘स्प्लिट स्टिरिओ ट्रॅक’ करा. मग पॅन, म्हणजे आवाज कोणत्या बाजूला किती झुकवायचा ते: एक ट्रॅक डावीकडे ३०, दुसरा उजवीकडे ३० टक्के. दोन्ही ट्रॅक आधी ६ डेसिबल खाली घ्या, नाहीतर बेरजेत आवाज फाटतो. एकही ट्रॅक पुढं-मागं सरकवू नका: सगळे एकाच खोलीत वाजवत होते, ड्रम गायकाच्या माइकातही शिरलेत. जरा सरकलं की ड्रम पोकळ, पत्र्याच्या डब्यासारखे.

डीमक्स या गाणं सुटं करणाऱ्या एआय सॉफ्टवेअरनं ड्रम, बेस, आवाज वेगळे निघतात खरे, पण झांजा पाण्यात बुडवल्यावानी गुळगुळतात. एवढ्या जुन्या गाण्यांना पॅनचंच काम बरं. एकाच स्पीकरवर वाजवायचं असेल तर पॅन सरळ शून्य.