डिफॉल्ट पायथन ३.११ वरून ३.१३: लॅपटॉप पुढे गेला, रास्पबेरी पाय थांबला

लॅपटॉप डेबियन या लिनक्स सिस्टमच्या १३ व्या आवृत्तीवर गेला. पर्जन्यमापक सांभाळणारा छोटा संगणक, रास्पबेरी पाय, मात्र अजून १२ वरच आहे, आणि पाऊस ओसरेपर्यंत तिथेच राहील. दोन्हींत माझ्या कामाचा फरक म्हणजे डिफॉल्ट पायथन, म्हणजे सिस्टम स्वतः वापरते ते पायथन भाषेचं व्हर्जन. १२ मध्ये ३.११, १३ मध्ये ३.१३. मधला ३.१२ डेबियनच्या टेस्टिंग या चाचणीच्या शाखेत येऊन गेला, स्टेबल या पक्क्या आवृत्तीत कधी आलाच नाही. त्यामुळे स्टेबल वापरणाऱ्याच्या पदरात दोन वर्षांची मोडतोड एकदम पडते. ३.१२ ने डिस्टयूटिल्स आणि इम्प ही सोबत येणारी मॉड्यूल्स काढून टाकली, ३.१३ ने आणखी १९ जुनी मॉड्यूल्स हटवली. सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट ही त्यातलीच.

पायथनचं नवं व्हर्जन दर ऑक्टोबरला येतं. ३.१३ आलं ७ ऑक्टोबर २०२४ ला. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने त्याच महिन्यात फेडोरा ४१ मधून ते डिफॉल्ट करून टाकलं, कारण पॅकेजेस नव्या पायथनसाठी पुन्हा बिल्ड करायचं त्यांचं काम अल्फा, म्हणजे अगदी कच्च्या, व्हर्जनपासूनच सुरू होतं. डेबियन १३ बाहेर पडलं ९ ऑगस्ट २०२५ ला. पण डेबियनचा खरा मुहूर्त त्याच्या बराच आधी, १५ मार्च २०२५ ला होता. त्या दिवसानंतर असले मोठे बदल बंद. म्हणजे हाताशी जेमतेम पाच महिने.

त्या पाच महिन्यांत काय चालतं ते टेस्टिंग वापरणाऱ्याला घरबसल्या बघता येतं. डिफॉल्ट आधी हलवत नाहीत. नवं व्हर्जन आधी फक्त ‘सपोर्टेड’ यादीत घेतात, जुनं डिफॉल्टच राहतं. मग सी भाषेत लिहिलेले भाग असलेली सगळी पॅकेजेस दोन्ही व्हर्जनसाठी पुन्हा बिल्ड होतात. पायथन ३ ची सगळी पॅकेजेस डेबियनमध्ये एकाच डिस्ट-पॅकेजेस फोल्डरमध्ये असतात. तिथे नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजच्या आत डोकावलं की या काळात एकाच नावाच्या दोन एसओ फायली (सी कोड बिल्ड होऊन बनलेल्या) शेजारी शेजारी दिसतात, एकीच्या नावात सीपायथन-३१२, दुसरीच्या सीपायथन-३१३. ज्या पॅकेजात दुसरी फाईल नाही, ते अजून अडलेलं. अशी अडलेली पॅकेजेस आवाक्यात आली की डिफॉल्ट बदलतात, आणि जुनं व्हर्जन काढतात ते सगळ्यात शेवटी. भाषा तयार आहे का हा प्रश्न यात जवळजवळ येतच नाही. बाकीची पॅकेजेस तयार आहेत का, एवढंच बघतात.

हे सगळं टाळून यूएसआर-बिनमधली पायथन३ ची लिंकच नव्या व्हर्जनकडे वळवा, असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. कृपा करून हे करू नका. डेबियनमध्ये पॅकेजेस चढवणाऱ्या एपीटीशी बोलणारं पायथन मॉड्यूल स्टेबलमध्ये फक्त तिथल्या डिफॉल्ट व्हर्जनसाठी बिल्ड केलेलं असतं. लिंक वळवली की ‘एपीटी-पीकेजी नावाचं मॉड्यूल सापडत नाही’ हा प्रसिद्ध एरर येतो. तो समोर दिसला तर नशीब. आपोआप अपडेट चढवणारं अनअटेंडेड-अपग्रेड्ससुद्धा पायथनमध्येच लिहिलंय, ते गुपचूप बंद पडतं आणि सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात. रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत सिस्टमसाठी वेगळा ‘प्लॅटफॉर्म पायथन’ बाजूला काढून ठेवला होता, वापरणाऱ्याने आपला हवा तो घ्यावा. मला ती रचना आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते.

आता घरचं. पावसाचे आकडे दाखवणारं वेब पान सीजीआय मॉड्यूलवर चालत होतं. वेब सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये ३.११ कधीपासून बजावत होताच की हे मॉड्यूल ३.१३ मध्ये जाणार. पानाकडे आलेली माहिती वाचणारा त्यातला फील्डस्टोरेज काढून यूआरएललिबचा पार्स-क्यूएस घातला, काम चार-पाच ओळींचंच निघालं. वेळ नोंदवायला यूटीसीनाऊ वापरलं होतं. ते ३.१२ पासून डेप्रिकेटेड आहे, अजून चालतं, पण हात घातलाच होता म्हणून टाइमझोनसकट नीट लिहून टाकलं. हे दोन्ही बदल ३.११ वरही चालतात, म्हणून पायवर आधीच चढवलेत. अपग्रेडच्या दिवशी निस्तरायला जेवढं कमी उरेल तेवढं बरं.

लॅपटॉपवर अपग्रेडनंतर जुनी व्हेन्व (प्रत्येक कामासाठी पॅकेजेस वेगळी ठेवणारी फोल्डर्स) एकजात रिकामी झाल्यासारखी दिसली. कारण साधं आहे. व्हेन्वमधली पायथनची लिंक सिस्टमच्या पायथन३ कडे जाते. तो आता ३.१३ झाला, त्यामुळे तो ३.१३ नावाचं फोल्डर शोधतो, आणि पॅकेजेस पडलेली असतात ३.११ च्या फोल्डरमध्ये. दुरुस्त करत बसू नका. अपग्रेडच्या आधी पिप फ्रीझने पॅकेजेसची यादी काढून ठेवा, नंतर व्हेन्व उडवून नवी करा. ३.१३ चा रंगीत आरईपीएल (ओळ टाइप करून लगेच उत्तर बघायची खिडकी) झकास आहे. वेग वाढवण्यासाठीचे जेआयटी आणि जीआयएल या कुलपाशिवायचा पायथन ३.१३ मध्ये प्रयोगाच्याच पातळीवर आहेत, त्यासाठी कुणी अपग्रेड करू नये.

पायची घाई मला नाही. ३.११ ला पायथनकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत. शिवाय रास्पबेरी पायवाले मोठ्या अपग्रेडला जुन्यावरच चढवण्याऐवजी कोरं इन्स्टॉल करा म्हणतात, आणि ते माझ्या पथ्यावरच पडतं. ट्रिक्सीचं, म्हणजे डेबियन १३ चं, दुसरं एसडी कार्ड तयार करतोय. उघडीप मिळेल त्या दिवशी ते घालायचं, मापकात मोजून पाणी ओतायचं आणि मापकातली छोटी बादली जितक्यांदा कलंडली तितक्या नोंदी पडल्या का ते बघायचं. जमलं नाही तर जुनं कार्ड परत. ३.१४ हवा असेल त्याने व्हेन्वमध्ये खुशाल खेळावं, सिस्टमचा पायथन मी फोर्की, म्हणजे डेबियन १४, स्टेबल होईपर्यंत हलवणार नाही.